फ्लिप्ड क्लासरूमचं प्रशिक्षण: व्हिडिओ नव्हे, तासिका शिकवा

एका केंद्रप्रमुखांचा (जवळच्या काही शाळांच्या गटाच्या प्रमुखांचा) प्रश्न थोडक्यात असा: केंद्रातल्या सहावी ते दहावीला शिकवणाऱ्या ३२ शिक्षकांना फ्लिप्ड लर्निंगचं, म्हणजे पाठाची ओळख घरी आणि सराव-चर्चा वर्गात अशा उलट्या क्रमाच्या पद्धतीचं, प्रशिक्षण द्यायचं आहे आणि हाताशी दोन दिवस आहेत. याआधी एकदा असं प्रशिक्षण झालं होतं. त्यात मोबाईलवर व्हिडिओ कसे बनवायचे ते शिकवलं. शिक्षकांनी उत्साहाने व्हिडिओ बनवलेही, पण महिनाभरात सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. या वेळी वेगळं काय करावं?

प्रशिक्षणाचा भार व्हिडिओवरून काढून तासिकेवर टाका. व्हिडिओ हा फ्लिपमधला सर्वांत सोपा भाग आहे. तो तयार मिळतो, नाहीतर अर्ध्या तासात बनवता येतो. अवघड भाग दुसऱ्या दिवशी समोर येतो: मुलं घरून काहीतरी पाहून-वाचून आली आहेत, आता पुढची ३५ मिनिटं मी काय करू? याचं उत्तर हाताशी नसलं की शिक्षक सवयीने तोच भाग फळ्यावर पुन्हा शिकवतात. दोन-तीन वेळा असं झालं की मुलं ओळखतात, घरी पाहिलं काय आणि नाही पाहिलं काय, सर उद्या सांगणारच आहेत. मग पाहणारी मुलंही पाहणं सोडतात आणि शिक्षक म्हणतात, ‘आमच्या मुलांना हे जमत नाही.’ गेल्या वेळी जे झालं त्याचं मूळ बहुधा इथेच आहे.

या पद्धतीचा उगमही व्हिडिओत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातला भाग आधी वाचून यायला सांगत आणि वर्गातला वेळ संकल्पनेवरचे प्रश्न व शेजाऱ्याशी चर्चा यांना देत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले जोनाथन बर्गमन आणि आरॉन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शाळाशिक्षकांनी २००७ मध्ये आपले पाठ चित्रित करायला सुरुवात केली, ती गैरहजर मुलांचा अभ्यास बुडू नये म्हणून. वर्गाचा वेळ मोकळा झाला तर तो वापरता येईल, हे पुढे त्यांच्या लक्षात आलं. हा क्रम शिक्षकांना जरूर सांगा. त्यामुळे ‘आमच्या मुलांकडे मोबाईल नाहीत’ या अडचणीचं वजन पहिल्याच तासात निम्मं होतं. पाठ्यपुस्तकाचं एक पान आणि तीन प्रश्न एवढ्यावरही पाठ फ्लिप होतो.

संशोधनाचा कौलही तासिकेकडेच झुकतो. २०१९ मध्ये ११४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शिकण्यावरचा परिणाम चांगला दिसला, पण लहान. वर्गातला प्रत्यक्ष वेळ कमी केला नव्हता आणि छोट्या चाचण्या जोडल्या होत्या, तिथे तो जास्त होता. म्हणजे व्हिडिओ दिला म्हणून तासिका कमी करायची नाही, आणि घरचं काम झालं की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. शिक्षकांना आकडे सांगायचेच असतील तर एवढे पुरेत. ‘जगभर क्रांती झाली’ असली स्लाइड लावू नका. अनुभवी शिक्षक त्या क्षणी ऐकणं बंद करतात.

प्रशिक्षणाआधीचे सहा दिवस

फ्लिप शिकवायचं तर प्रशिक्षणही फ्लिप करूनच द्यावं लागतं. सहा दिवस आधी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन गोष्टी पाठवा: पाच मिनिटांचा एक व्हिडिओ आणि एका पानाचं वाचन. सोबत तीन प्रश्न द्या. एक सरळ माहितीचा असावा. दुसरा ‘तुमच्या विषयातला कोणता घटक यासाठी निवडाल आणि का’ असा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा: ‘यातलं काय पटलं नाही किंवा कळलं नाही?’ उत्तरं हाताने कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवायला सांगा. गुगल फॉर्म सोपा वाटतो, पण त्यात लोक एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात. मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंतची ठेवा, म्हणजे रात्री अर्ध्या तासात ३२ उत्तरं वाचून होतील.

निम्म्या लोकांकडून काहीच येणार नाही, हे धरून चाला. त्यांना रागावू नका, दहा वेळा आठवणही करू नका. न करता आलेले शिक्षक हेच तुमचं सर्वांत उपयोगी साधन आहेत, कारण तुम्ही त्यांच्याशी जसं वागाल तसंच ते पुढे मुलांशी वागणार आहेत. पहिल्या दिवशी सभागृहात शिरल्यावर तुम्ही ‘ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो’ असं म्हणालात तर दोन दिवसांचं प्रशिक्षण त्याच क्षणी वाया गेलं.

त्याऐवजी मागे एक टेबल मांडा. त्यावर तेच पान, पेन्सिली आणि व्हिडिओ उतरवून घेतलेले दोन फोन ठेवा. ज्यांचं राहिलं आहे ते तिथे बसतील, दहा मिनिटांत पाहतील, तीन उत्तरं लिहितील आणि आपल्या गटात येतील. पुढे तोवर काम सुरू झालेलं असेल. हे सगळं शांतपणे, कुणाचा पाणउतारा न करता घडलं पाहिजे. दुपारी या टेबलाविषयीच बोला: तिथे बसताना काय वाटलं, पुढचं काम पाहून लवकर उठावंसं वाटलं का, अपमान वाटला का. हा अनुभव कुठल्याही व्याख्यानातून देता येत नाही.

पहिला दिवस

बैठक विषयवार ठेवा, शाळेप्रमाणे नको. आठ टेबलं, प्रत्येकी चार जण. एकाच शाळेचे लोक शेजारी बसले की चर्चा पोषण आहाराच्या नोंदींवर जाते. गणिताचे चार शिक्षक एकत्र आले की ती अपूर्णांकांवर येते.

पहिली ४० मिनिटं शिक्षकांना विद्यार्थी करा. फळ्यावर हा प्रश्न लिहा: ‘वर्गात ४४ मुलं आहेत. १२ जण घरचं काम न करता आले आहेत. शिक्षकाने काय करावं? १) सर्वांना व्हिडिओ पुन्हा दाखवावा. २) दहा मिनिटांत सारांश सांगावा. ३) १२ जणांना मागे पुस्तकाचं पान आणि प्रश्न देऊन बाकीच्यांचं काम सुरू करावं. ४) हा घटक उद्यावर ढकलावा.’ एक मिनिट विचार, बोलायचं नाही. मग छातीशी हात धरून बोटांनी मत द्यायचं. हात वर केला की लोक शेजाऱ्याची बोटं पाहतात. छातीशी धरला की फक्त समोरच्याला दिसतो. मतं मोजून फळ्यावर लिहा, बरोबर उत्तर सांगू नका. आता शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवून द्या आणि पुन्हा मत घ्या. दोन नंबरचा पर्याय पहिल्या फेरीत भरपूर मतं घेतो. त्यात गैर नाही, सारांश सांगणं हा शिक्षकाचा पिंडच आहे. चर्चेत कुणीतरी विचारतं की मग उरलेल्या ३२ जणांनी घरी पाहिलं ते कशासाठी, आणि मतं हलू लागतात.

ही कृती करताना तिचा नियमही शिकवून टाका, कारण तो रोज लागेल. बरोबर मतं ३० टक्क्यांहून कमी असतील तर चर्चा घडवू नका. बहुतेकांना पायाच कळलेला नाही, तेव्हा पाच मिनिटं स्वतः समजावा. ३० ते ७० टक्के असतील तर शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत. ७० च्या वर असतील तर एका मुलाकडून कारण ऐका आणि पुढे चला. ४४ च्या वर्गात याचा अर्थ साधारण १३ पर्यंत, १४ ते ३० आणि ३१ पासून पुढे. आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले की वर्गात हिशेब करत बसावं लागत नाही.

दुसऱ्या सत्रात घटक फोडायचा. प्रत्येक टेबलाने पाठ्यपुस्तकातला एक घटक घ्यावा आणि कागदाचे दोन उभे भाग करावेत: घरचं आणि वर्गातलं. एकट्याने, थांबत थांबत, परत पाहून जे कळू शकतं ते घरी: व्याख्या, सूत्र, आकृतीची ओळख, कृतीचा क्रम, कठीण शब्दांचे अर्थ. मूल जिथे अडतं, जिथे त्याला दुसऱ्याचं बोलणं लागतं, ते वर्गात. बीएडला पाठ केलेल्या ब्लूमच्या पायऱ्या (सोप्याकडून अवघडाकडे जाणारे शिकण्याचे टप्पे) इथे खरंच कामाला येतात: स्मरण आणि आकलनाची सुरुवात घरी, उपयोजन आणि विश्लेषण वर्गात. इथली नेहमीची चूक म्हणजे घरच्या रकान्यात आख्खा पाठ भरणं. एका वेळी एकच अध्ययन निष्पत्ती (पाठानंतर मुलाला काय यायला हवं ते) आणि घरचं काम १५ मिनिटांत संपणारं, ही मर्यादा पाळायला लावा. मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्हिडिओंवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की साधारण सहा मिनिटांनंतर पाहणाऱ्यांचं लक्ष टिकत नाही. ते प्रौढ शिकणारे होते. शाळेतल्या मुलांसाठी तीन-चार मिनिटंच धरा.

तिसरं सत्र प्रश्न लिहिण्याचं. त्याला सर्वांत जास्त वेळ द्या, ७५ मिनिटं तरी. चांगला प्रश्न हाती असला की तासिका तोच चालवतो. पर्याय मनाने रचू नका, मुलांच्या खऱ्या चुकांतून घ्या. त्यासाठी शिक्षकांना मागच्या चाचणीच्या पाच-सहा उत्तरपत्रिका सोबत आणायला सांगा. वाचून सापडतं तेच उत्तर विचारणारा प्रश्न टाळा. ‘दाबाचं एकक काय’ यावर शेजाऱ्याशी बोलण्यासारखं काही नाही.

एक तासिका, जवळून

आठवी सामान्य विज्ञानातला ‘बल व दाब’ हा पाठ घेऊ. निष्पत्ती एकच: दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लागणारं बल, आणि बल तेच राहूनही दाब बदलू शकतो. प्रशिक्षणात हा नमुना पाठ म्हणून पूर्ण घ्या.

घरी चार मिनिटांचा व्हिडिओ किंवा पुस्तकातलं पान. त्यात व्याख्या, सूत्र आणि एक सोडवलेलं उदाहरण. शिवाय एक गोष्ट मुद्दाम घाला: चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर कसे करायचे. २३० चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.०२३ चौरस मीटर. मुलं १०० ने भागतात, भागायचं असतं १०,००० ने. हे घरी एकदा नीट पाहिलेलं नसेल तर वर्गातली पंधरा मिनिटं यातच जातात आणि दाब बाजूला राहतो. वहीत तीन ओळी लिहायच्या: सूत्र, १५० चौरस सेंटिमीटरचं रूपांतर, आणि ‘मला न कळलेलं’.

वर्गात प्रत्येक चौघांच्या गटाला एक वीट, मोजपट्टी आणि एका घमेल्यात पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा कोरड्या, सैल वाळूचा थर. ४४ मुलं म्हणजे ११ गट. पुढच्या बाकावरची दोन मुलं मागे वळली की गट झाला, बाकं हलवायची गरज नाही. विटेचं वजन आधी किराणा दुकानातल्या काट्यावर करून फळ्यावर लिहून ठेवा. समजा ३ किलो भरलं, तर गुरुत्व त्वरण १० धरून बल ३० न्यूटन.

पहिली चार मिनिटं वह्या. शिक्षक बाकांमधून फिरत फक्त तिसरी ओळ वाचतात. ज्यांचं काम नाही ती मुलं कोपऱ्यात पान घेऊन बसतात आणि दहाव्या मिनिटाला गटात येतात. पुढची सहा मिनिटं हा प्रश्न: ‘तीच वीट सैल वाळूवर आधी आडवी ठेवली, मग उभी. काय झालं? १) बल वाढलं, दाबही वाढला. २) बल तेच, दाब वाढला. ३) बल तेच, दाब कमी झाला. ४) दोन्ही तेच.’ उभी वीट जास्त रुतते हे मुलांनी पाहिलेलं असतं, म्हणून तिचा ‘जोर वाढला’ असं त्यांना वाटतं. पहिल्या पर्यायाला मतं पडतात ती यामुळे. चर्चा, दुसरं मत, पण निकाल अजून जाहीर करायचा नाही.

दहाव्या ते पंचविसाव्या मिनिटापर्यंत मुलं विटेच्या तिन्ही बाजू मोजतात, वीट तीन प्रकारे ठेवून ठसा पाहतात आणि दाब काढतात. वीट २३ × १० × ७.५ सेंटिमीटर असेल तर आडवी ठेवल्यावर दाब साधारण १,३०४ पास्कल (न्यूटन प्रति चौरस मीटर), लांब कडेवर १,७३९ आणि उभी ४,०००. बल एकच, दाब तिपटीहून जास्त. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली: एकदा ठसा उमटला की तिथली वाळू घट्ट होते आणि पुढचा फरक दिसत नाही. प्रत्येक वेळी ती हाताने मोकळी करून सपाट करायला सांगा. दुसरी: उभी वीट पडू नये म्हणून मुलं तिला वरून धरतात आणि नकळत दाबतात. मग ‘बल तेच’ हे राहतच नाही आणि सगळ्या प्रयोगाचा अर्थ जातो. दोन्ही बाजूंनी एकेक बोट फक्त आधाराला, वरून हात नाही, असं आधी करून दाखवा.

शिक्षकाच्या वाट्याला १५ मिनिटांत ११ गट, म्हणजे एका गटाला सव्वा मिनिटापेक्षा थोडं जास्त. त्यामुळे क्रमाने फिरायचं नाही. वह्या पाहताना ज्यांच्या तिसऱ्या ओळीत गोंधळ दिसला त्या तीन-चार गटांकडे आधी जायचं. गटापाशी उभं राहून पूर्ण समजावून सांगायचं नाही. एक प्रश्न विचारायचा, ‘हा आकडा पास्कलमध्ये आहे का?’, आणि पुढे जायचं. शिक्षक एका गटापाशी पाच मिनिटं थांबले की बाकीचे सात-आठ गट वाळूत खेळू लागतात.

शेवटची दहा मिनिटं एका कठीण प्रश्नाला: ‘दोन विटा एकावर एक आडव्या ठेवल्या. एकच वीट उभी ठेवली. दाब कुठे जास्त?’ वजन दुप्पट म्हणून बहुतेक जण दोन विटा म्हणतात. हिशेब केला की २,६०९ आणि ४,००० असे आकडे येतात आणि मुलं आपणहून आधीच्या प्रश्नाकडे परत जातात. सुटताना कागदाच्या चिटोऱ्यावर एक वाक्य: ‘आज माझं कोणतं उत्तर बदललं आणि का?’

दुसरा दिवस

सकाळभर पाठ घेणं, बाकी काही नको. आठ-आठ जणांचे चार गट चार खोल्यांत. विषय साधनव्यक्ती (विषयाचं मार्गदर्शन करणारे) आणि तंत्रस्नेही (तंत्रज्ञान सहज वापरणाऱ्या) शिक्षकांपैकी चौघांना आधी तयार करून प्रत्येक खोलीत एकेक ठेवा. प्रत्येकाने १२ मिनिटांची फ्लिप तासिका घ्यायची, उरलेले सात जण मुलं. मग आठ मिनिटं चर्चा. एकूण १६० मिनिटं लागतात, मध्ये चहा. ‘वेळ कमी आहे म्हणून निवडक चार जण घेतील’ ही तडजोड करू नका. जे घेत नाहीत ते वर्गातही घेत नाहीत.

निरीक्षणासाठी गुणदानाचा लांबलचक तक्ता नको. एका कागदावर १२ चौकटी काढा, एक चौकट म्हणजे एक मिनिट. त्या मिनिटात मुख्यतः शिक्षक बोलत असेल तर ‘शि’, विद्यार्थी काम करत किंवा बोलत असतील तर ‘वि’, मांडामांड किंवा गोंधळ असेल तर ‘गो’. पाठ संपला की कागद शिक्षकाच्या हातात द्या, टिप्पणी करू नका. स्वतःला फार न बोलणारा समजणाऱ्या माणसाला १२ पैकी ९ ‘शि’ दिसतात, तेव्हा समजावण्याची गरज उरत नाही. प्रत्यक्ष वर्गात ३५ पैकी १८ ‘वि’ हे पहिल्या महिन्याचं लक्ष्य ठेवा.

दुपारी व्हिडिओ, तोही फक्त ९० मिनिटं. पहिले दोन पाठ तयार साहित्यावर करायला सांगा. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर जाता येतं आणि तिथलं साहित्य ॲपमध्ये उतरवून नेटशिवायही पाहता येतं. पाठवण्याआधी मात्र पूर्ण पाहा. लांब असेल तर ‘१ मिनिट २० सेकंदांपासून ४ मिनिटांपर्यंत’ असं लिहून द्या. स्वतःचा बनवायचा असेल तर चेहऱ्याची गरज नाही. पुस्तकांच्या दोन सारख्या थप्प्या, त्यांवर दोन पट्ट्या, पट्ट्यांवर आडवा फोन, कॅमेरा खाली कागदाकडे. उजेड खिडकीचा, डावीकडून, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना सावली अक्षरांवर पडत नाही. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, आवाजासाठी वायरचा इअरफोन. चार मिनिटांसाठी साधारण ४०० शब्द लागतात, ते आधी लिहून काढा. न लिहिता बोललं की चाराचे नऊ होतात. मध्ये एकदा तरी म्हणा, ‘आता थांबवा आणि वहीत करून पाहा.’ फाइल १५ एमबीच्या आत ठेवा. चूक झाली तर बोलता बोलता दुरुस्त करा आणि पुढे चला. पुन्हा पुन्हा चित्रण करणारे शिक्षक तिसऱ्या व्हिडिओला कंटाळतात.

ज्यांच्याकडे फोन नाही

‘घरी मोबाईल आहे का’ हा प्रश्न फसवा आहे. आहे म्हणणाऱ्या मुलाचा फोन वडिलांबरोबर रात्री आठला घरी येतो आणि तेव्हा मोठा भाऊ तो घेतो. विचारायचं असं: संध्याकाळी सात ते नऊमध्ये तुझ्या हातात फोन किती वेळ येतो, आणि त्यात नेट असतं का? ही पाहणी शिक्षकांनी प्रशिक्षणाआधीच आपल्या एका वर्गात करून आणावी. ज्या वर्गात दहाहून जास्त मुलांचं उत्तर ‘येत नाही’ असेल तिथे व्हिडिओ हे मुख्य साधन करू नका. सर्वांना पानच द्या, व्हिडिओ ज्याला जमेल त्याच्यासाठी. काही मुलांना फोनवरचं आणि काहींना कागदावरचं अशी वर्गात उघड वाटणी झाली की पोरं दुखावतात, आणि ते भरून येत नाही.

घरी जमणारच नसेल तर फ्लिप शाळेतच करता येतो. वर्गाचे तीन गट: एक गट शाळेच्या टॅबवर किंवा टीव्हीवर पाहतो, दुसरा सराव करतो, तिसरा शिक्षकांसोबत असतो. अकरा-अकरा मिनिटांनी फिरवलं की ३३ मिनिटं होतात. यात पहिल्या दोन वेळा गोंधळ होतोच, कारण ‘झालं की पुढे काय’ हे मुलांना माहीत नसतं. प्रत्येक जागी पुठ्ठ्यावर तीन ओळींची सूचना लावली की तो बराच निवळतो. आणि एक साधी गोष्ट: साहित्य आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पाठवा. एखाद्या घरात आज फोन मिळाला नाही तर उद्याची संध्याकाळ हातात राहते.

पालकांना पहिल्या पाठाआधी निरोप द्या, नाहीतर ‘शाळेत शिकवत नाहीत, मोबाईलवर बघायला सांगतात’ ही तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत लगेच पोचते. निरोप एवढाच: ‘आठवड्यातून एकदा विज्ञानाचं १५ मिनिटांचं वाचन किंवा व्हिडिओ घरी असेल. त्यावर सराव आणि प्रयोग वर्गात शिक्षकांसमोर होतील. फोन नसेल तर पुस्तकाचं पान पुरेसं आहे.’

काय फ्लिप करू नये

काही शिक्षक प्रशिक्षणातून इतके भारून जातात की सगळंच फ्लिप करू पाहतात. त्यांना थोपवा. कवितेचं पहिलं वाचन वर्गातच व्हावं, शिक्षकाच्या आवाजात. घरी फार तर कठीण शब्द आणि कवीची ओळख. ज्या प्रयोगाचा निकाल मुलांना चकित करतो तो व्हिडिओत दाखवू नका. वरच्या पाठात रुतलेली वीट घरच्या व्हिडिओत नाही, ती याचमुळे. गणितात कधी कधी उलटा क्रम चांगला: आधी न शिकवलेलं उदाहरण देऊन मुलांना धडपडू द्यायचं, पद्धत नंतर सांगायची. शिक्षण-संशोधक मनू कपूर यांनी ‘फलदायी अपयश’ या नावाने यावर बरंच काम केलं आहे. संकल्पना पूर्ण नवी असेल आणि मुलांना स्वतःचे काही मार्ग सुचण्यासारखे असतील, तर व्हिडिओ आदल्या रात्री नव्हे, धडपडीनंतरच्या रात्री द्या.

पुढचे सहा आठवडे

दोन दिवसांनी कुणाचं शिकवणं बदलत नाही. खरं प्रशिक्षण नंतर सुरू होतं, आणि त्याचं वेळापत्रक दुसऱ्या दिवशी घरी जाण्याआधी ठरलं पाहिजे. एक वर्ग, एक विषय, आठवड्याला एक पाठ, असे सहा पाठ. रोज करायचा आग्रह धरला तर अभ्यासक्रम मागे पडेल ही शिक्षकांची भीती खरी ठरते. आठवड्याला एक पाठ असेल तर अभ्यासक्रम अडत नाही.

शिक्षकांच्या जोड्या लावा, शक्यतो एकाच शाळेतल्या. दुसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात जोडीदाराने वर्गात बसून ३५ चौकटींचा कागद भरायचा. त्या तासिकेची मोकळीक मुख्याध्यापकांकडून आधीच लेखी घ्या. ‘बघू, जमवू’ यावर सोडलं तर ती तासिका ऑफ पिरियडला जाते. केंद्रप्रमुख म्हणून तुमची भेट तिसऱ्या आठवड्यात असू द्या, कारण बहुतेक जण तिथेच सोडतात. पहिला पाठ उत्साहात होतो, दुसरा सवयीने होतो, तिसऱ्याला न पाहून आलेल्या मुलांची संख्या वाढलेली दिसते आणि शिक्षक खडू उचलतात. या आठवड्यात न पाहून आलेल्या मुलांचा कोपरा नीट चालतो का एवढंच पाहा. तीन आठवडे न चुकता पुनरावृत्ती टाळली की न पाहणाऱ्यांची संख्या खाली येऊ लागते. पुढचं काम, वाळू आणि विटा, कोपऱ्यातून दिसत असतात आणि मुलांना तिकडे यायचं असतं. शिक्षा केली, गुण कापले तर मुलं शेजाऱ्याची वही उतरवून आणतात आणि तुम्हाला खरा आकडाच कळत नाही.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सादरीकरणं ठेवू नका. प्रत्येक टेबलावर दोन गोष्टी हव्यात: मुलांच्या पाच वह्या आणि एक प्रश्न, पहिल्या व दुसऱ्या मताच्या आकड्यांसह. ज्या प्रश्नावर पहिल्या फेरीत ४१ बरोबर आले तो फार सोपा होता. जिथे १७ चे ३४ झाले तो जपून ठेवा. केंद्रासाठी एक जाड वही करा: इयत्ता, पाठ, प्रश्न, चार पर्याय, दोन्ही फेऱ्यांची मतं आणि कोणत्या चुकीच्या पर्यायाला मुलं का फसली याची एक ओळ. पुढच्या वर्षी बदलून आलेल्या शिक्षकाला सर्वांत आधी ती वही द्या.